झाडावरची वाडी

काल पळस्प्याकडून येताना तू विहिरीवरच्या बाभळीकडे बोट दाखवलंस आणि विचारलंस, "आबा, ही वाळकी वांगी कुणी टांगली?" पाऊस असा कोसळत होता की बोलणंच ऐकू येईना. आज उघडीप आहे. ये, ओटीवर बस.

ती वांगी नव्हेत, राणी, सुगरणीचे खोपे. एकाच झाडाला इतके खोपे, म्हणजे वाडीच की! आणि ही वाडी झाडाच्या कुठल्या अंगाला होती, आठवतंय? पूर्वेच्या. आपला पाऊस येतो नैर्ऋत्येकडून, समुद्रावरून. खोड आणि फांद्या पाठीशी घेतल्या की वाऱ्याचा मार कमी बसतो. खाली विहिरीचं पाणी, भोवती बाभळीचे काटे. सापाला तिथवर पोचणं सोपं नाही.

नाव सुगरण, पण विणणारा असतो नर. भाताच्या पात्याच्या कडेला तो चोचीने खाच पाडतो, तुकडा घट्ट धरतो आणि उडतो. त्या उडण्यानेच लांब पट्टी सोलून निघते. एका खोप्यासाठी अशा पाचशेपर्यंत फेऱ्या! आधी फांदीला गाठ, मग लोंबती कडी, मग शिरस्त्राणासारखा अर्धा खोपा. इथे तो थांबतो. पंख फडफडवून मादीला बोलावतो. ती आत शिरते, विणकाम ओढून पाहते. तिला पसंत पडलं तरच तो अंड्यांची खोली आणि खाली उतरणारी नळी पुरी करतो. ती अंड्यांवर बसली की हा शेजारी दुसरा खोपा सुरू करतो. वाडी वाढते ती अशी.

हे गुपित कुणी उलगडलं माहीत आहे? सलीम अलींनी, १९३० साली, आपल्याच रायगडातल्या किहीमला. जर्मनीहून शिकून आले होते, नोकरी नव्हती. पावसाळाभर त्यांनी सुगरणींचं झाड न्याहाळलं. रिकाम्या दिवसांचं असं सोनं करणारा माणूस मला फार मोठा वाटतो.

आता तुम्ही राहता त्या नॉर्वेतल्या वाडीचं सांगतो. आईने हार्डांगरमधल्या आगाटुनेचे फोटो पाठवले होते. लाकडाची तीसेक घरं-कोठारं अशी खेटून उभी, की मला ती आपलीच वाडी वाटली. पश्चिम नॉर्वेत पूर्वी बरीच गावं अशीच होती. कुटुंबं शेजारी राहायची आणि त्यांच्या शेतांचे तुकडे एकमेकांत मिसळलेले असायचे. एकोणिसाव्या शतकात सरकारने जमिनींची फेरवाटणी केली. ज्याचं शेत त्याला एकसंध मिळालं, पण घरं पांगली. शेती सोयीची झाली असेल, तरी अंगणातली हाक शेजाऱ्याला ऐकू येईनाशी झाली याचं मला वाईट वाटतं.

तिकडच्या जुन्या घरांच्या छपरावर गवत उगवलेलं तू पाहिलंयस. पाणी अडवतं ते मात्र गवत नव्हे, त्याखालची बर्च झाडाची साल. आपले पूर्वज ज्या भूर्जपत्रावर लिहायचे, ते त्याच झाडाच्या हिमालयातल्या भावंडाचं! त्या सालीत पाण्याला दाद न देणारं मेणासारखं द्रव्य असतं. वरच्या मातीचं ओझं साल जागेवर दाबून धरतं, ओंडक्यांच्या भिंतीही घट्ट बसवतं आणि थंडीत ऊब राखतं.

आपल्या कर्नाळ्याच्या बाजूला ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्यांत भिंतींचं काम कारवी नावाची वनस्पती करत आली. सात वर्षं ती नुसती वाढते, आठव्या वर्षी डोंगर जांभळा करते, बी टाकते आणि मरते. वाळलेल्या सरळ काठ्यांचा कूड बांधायचा, वर शेणमातीचा लेप. कूड कुजला की नवा. वाडी तिथेच.

माणसांची नावंही गावा-वाडीवरून पडतात बघ. आपल्याकडे पेणचा तो पेणकर. नॉर्वेत माणूस ज्या शेतवाडीत राही, तिचं नाव लावी. दुसऱ्या वाडीत गेला की नावही बदले! १९२३च्या कायद्याने प्रत्येकाला कायमचं आडनाव आलं. तुझ्या वर्गातल्या मुलांना विचार, त्यांच्या आडनावाची वाडी कुठल्या फ्योर्डच्या काठी आहे.

पावसाळा सरला की ते खोपे रिकामे होतील, वाऱ्याने गळतीलही. पुढच्या वर्षी नवे विणतील, पण बहुधा त्याच बाभळीवर. तू तेव्हा बर्गनला असशील. जूनमध्ये मी रोज सकाळी विहिरीवर जाईन, आणि पहिली हिरवी कडी दिसली की फोन करीन. तिकडे पहाट असली तरी उचल हं.