ऊन, दूध आणि गोळी : एमएसच्या आजारात हाडांचा हिशेब



आपल्या अमरावती-अकोल्याकडे उन्हाला काही तोटा नाही. मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 अंशांच्या वर जातो. तरी कितीतरी बायांच्या रक्तात व्हिटॅमिन डी कमी निघतं. आज आपण मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, झालेल्या बहिणीबद्दल बोलू. तिच्यासाठी हा हिशेब जास्त नाजूक असतो.

आधी आजार समजून घेऊ. मोटारपंपाच्या वायरवर प्लास्टिकचं आवरण असतं. ते सोललं गेलं की पंप नीट चालत नाही. आपल्या मेंदूतल्या आणि पाठीच्या कण्यातल्या मज्जातंतूंवरही असंच आवरण असतं. एमएसमध्ये शरीराची रोगप्रतिकारशक्तीच त्यावर हल्ला करते. मग एका डोळ्याने अंधूक दिसतं, हातपाय बधिर होतात, तोल जातो, फार थकवा येतो. हा आजार बहुधा 20 ते 40 या वयात सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा बायांना जास्त होतो. ही बाहेरची बाधा नव्हे, आणि हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही.

आता हाडांचं. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातून रक्तात यायला व्हिटॅमिन डी लागतं. ते कमी पडलं की शरीर हाडांतून कॅल्शियम काढतं आणि हाडं ठिसूळ होतात. एमएसच्या बाईचं चालणं-फिरणं कमी झालेलं असतं. आजार उसळला की स्टिरॉइड द्यावं लागतं. ते पुन्हापुन्हा घ्यावं लागलं तर हाडं आणखी झिजतात. त्यात तोल जाऊन ती पडली, तर खुब्याचं हाड मोडून कायमची अंथरुणाला खिळू शकते.

मग उन्हात बसावं का? एमएसमध्ये अंग तापलं की अशक्तपणा आणि अंधूक दिसणं काही वेळ वाढतं. अंग थंड झालं की ते उतरतं. म्हणून उन्हाळ्यात तिने कूलरजवळ, ओलं फडकं घेऊन सावलीत राहावं. पण सकाळच्या अगदी कोवळ्या उन्हातून व्हिटॅमिन डी फारसं मिळत नाही, आणि काचेच्या खिडकीतून येणाऱ्या उन्हाचा तर उपयोगच नाही. सोपी खूण अशी : आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असली, की ऊन कामाचं. हिवाळ्यात ही वेळ दुपारी बाराच्या सुमारास येते. तेव्हा हात-पाय उघडे ठेवून थोडा वेळ बसावं. ज्यांना तेही सोसत नाही, त्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी.

जेवणातून मोठ्या माणसाला दिवसाला साधारण 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम हवं. पेलाभर दुधात 200 ते 250 मिळतं. दही, ताक, तिळाची चटणी, नाचणीची भाकर, शेवग्याच्या पाल्याची भाजी, हे सगळं आपल्याला परवडणारं आहे. कॅल्शियमची आणि लोहाची गोळी मात्र एकाच वेळी घेऊ नये, मध्ये काही तासांचं अंतर ठेवावं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मेडिकलमध्ये व्हिटॅमिन डीची 60,000 युनिटची पुडी किंवा गोळी मिळते. आपली रोजची गरज साधारण 600 युनिट, म्हणजे एका पुडीत 100 दिवसांचं आलं. डॉक्टर ती बहुधा आठवड्यातून एकदा, तीही काही आठवडेच देतात. कोणी ती ताकदीसाठी म्हणून रोज घेतली, तर जास्तीचं डी शरीरात साठत जातं आणि रक्तात कॅल्शियम वाढतं. मग मळमळ, खूप तहान, वारंवार लघवी, बद्धकोष्ठ, अशक्तपणा, गोंधळल्यासारखं होणं सुरू होतं. मुतखडा होतो, किडनी निकामी होऊ शकते. यातली बरीच लक्षणं एमएससारखीच असल्यामुळे घरच्यांना वाटतं, आजारच वाढला, आणि आणखी एक पुडी दिली जाते.

भरमसाट व्हिटॅमिन डीने एमएस बरा होतो, असंही कोणी सांगतं. एमएसच्या रुग्णांत डी कमी आढळतं, हे खरं. पण डी देऊन पाहिलेल्या अभ्यासांचे निकाल एकसारखे नाहीत. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधल्या एका अभ्यासात आजाराच्या सुरुवातीला फायदा दिसला, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या अभ्यासात दिसला नाही. म्हणून एमएसचं मूळ औषध बंद करून डीवर विसंबू नये. आणि कोणाच्या सांगण्यावरून मोठे डोस घेत दूध-दही सोडू नये.

गटातल्या कोणाच्या घरी असा रुग्ण असेल, तर एवढं करू या. व्हिटॅमिन डी, कॅल्शियम आणि किडनीसाठी क्रिएटिनिन, या तीन रक्ततपासण्या डॉक्टरांना विचारून करून घेऊ. पुडी कोणत्या वारी घेतली, ते कॅलेंडरवर लिहू. आधी मुतखडा झाला असेल तर तसं डॉक्टरांना सांगू. घरातली ओली फरशी लगेच पुसू आणि न्हाणीघरात धरायला दांडा बसवू. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचं नाव आहे. त्यामुळे प्रमाणपत्रासाठी सरकारी दवाखान्यात चौकशी करता येते. मुंबईत 1985 पासून मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था या रुग्णांसाठी काम करते.

कमी पडलं तर हाडं जातात, जास्त झालं तर किडनी जाते. म्हणून मैत्रिणींनो, अंदाजाने नको, मोजून घेऊ. पुढच्या बैठकीत हा विषय नक्की काढा.