कासव कुठल्या बाजूला कललंय?

डहाणूच्या सागरी कासव उपचार केंद्रात पावसाळा म्हणजे धावपळीचे दिवस. खवळलेला समुद्र जखमी, थकलेली कासवं पालघरच्या किनाऱ्यावर आणून टाकतो. त्यांत ऑलिव्ह रिडले असतात, हिरवी कासवं असतात. समुद्रात सोडून दिलेल्या जाळ्यांत अडकून अनेकांचे पुढचे पाय कापले गेलेले असतात.

अशा केंद्रात प्रशिक्षणाला येणाऱ्या विद्यार्थ्याच्या वाट्याला सुरुवातीला साधी कामं येतात. हौद घासायचे, मासे चिरायचे, वजन घ्यायचं, वहीत नोंदी करायच्या. पण यातलं एकेक काम कासवाच्या शरीरातल्या एकेका नवलापर्यंत घेऊन जातं.

वहीतली एक नोंद पाहा: ‘कासव कुठल्या बाजूला कललंय?’ कासवाची फुप्फुसं पाठीच्या कवचाला लागूनच, कण्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेली असतात. ती श्वास तर देतातच, शिवाय पाण्यात किती खोल राहायचं हेही कासव त्यांतल्या हवेवर सांभाळतं. फुप्फुस फाटून हवा अंगात शिरली की ती बाजू वर उचलली जाते. न्यूमोनियाने एक फुप्फुस द्रवाने भरलं तर ती बाजू खाली जाते. एकीकडे माल जास्त भरलेल्या होडीसारखं कासव तिरकं तरंगतं. म्हणजे एक्स-रे काढण्याआधीच आतल्या दुखण्याची खूण पाण्यावर दिसते, आणि ती टिपणारा असतो हौदाकाठी वही घेऊन उभा राहिलेला विद्यार्थी!

खाऊ घालताना कासवाने तोंड उघडलं की आत दिसतात ते काटेच काटे. संपूर्ण अन्ननलिकेला टोकदार काट्यांचं अस्तर असतं आणि सगळ्यांची टोकं पोटाकडे वळलेली. भक्ष्याबरोबर गिळलेलं खारं पाणी कासव बाहेर ढकलतं, तेव्हा हे काटे घास अडवून धरतात. पण त्याच काट्यांमुळे गिळलेलं प्लास्टिकही सहजी मागे फिरत नाही. तोंडातून मासेमारीची दोरी लोंबताना दिसली तर ती कधीही ओढायची नाही, हा इथला पक्का नियम. तिचं दुसरं टोक आतड्यात गुंतलेलं असू शकतं, आणि ओढल्यास आतडं कापलं जातं.

केंद्र बघायला आलेल्या मुलांशी बोलणं हेही प्रशिक्षणातलं काम. मुलांचा हमखास प्रश्न: “ते रडतंय का?” नाही! डोळ्यांमागच्या मोठ्या ग्रंथी रक्तातलं जादा मीठ गाळून बाहेर टाकतात. ते अश्रू समुद्राच्या पाण्याहून जवळपास दुप्पट खारट असतात. मूत्रपिंडांना न झेपणारं काम या ग्रंथी करतात, म्हणून तर हा फुप्फुसांनी श्वास घेणारा सरपटणारा प्राणी खाऱ्या पाण्यात आयुष्य काढू शकतो.

ही माहिती ऐकणाऱ्या मुलांत उद्याचे खलाशी असतात, नाखवे असतात. त्यांना हेही सांगायला हवं: जाळ्यात सापडलेल्या संरक्षित प्राण्याला सोडवण्यासाठी जाळं कापावं लागलं, तर महाराष्ट्र शासन मच्छीमाराला 25,000 रुपयांपर्यंत भरपाई देतं. ही योजना 2018 च्या अखेरीस सुरू झाली. कापला गेलेला पाय पुन्हा उगवत नाही, कासवांच्या जखमा भरायलाही महिनोन् महिने लागतात. म्हणून हौदाकाठी शिकलेली गोष्ट होडीपर्यंत पोहोचवणं हे मलमपट्टीइतकंच मोलाचं आहे. वेळेवर जाळं कापलं गेलं, तर त्या कासवाला या हौदात यावंच लागणार नाही.