वडीलजनांचा आवाज कुठे गेला?

गेल्या महिन्यात ओळखीच्या एका ख्रिस्ती मंडळीने बाकांवरची ‘उपासना संगीत’ची मराठी गीतपुस्तकं पोत्यांत बांधून माळ्यावर टाकली. आता गाणी पडद्यावर दिसतात, त्यातली निम्मी हिंदी. हा निर्णय कुठल्याही सभेत झाला नाही, रविवारी नुसता जाहीर झाला. मला लागलं ते हे.

आमच्या मंडळ्यांचा सुरुवातीचा इतिहास सगळ्यांना पाठ आहे. मिशनरी रॉयल वायल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले, शाळा निघाल्या, पुढे प्रेस्बिटेरियन मिशनने काम हाती घेतलं. वायल्डर यांचं नाव न्यू शाहूपुरीतल्या चर्चला आहे. मिरजेत डॉ. वॉनलेस यांनी रुग्णालय उभं केलं. मधली कित्येक वर्षं अहवालांत गेली, ते वाचताना मला आजही कंटाळा येतो.

माझं दशक १९७०चं. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्चसंस्था एक होऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झालं. लूथरपंथी मात्र बाहेर राहिले. तरंगमबाडीला १७०६ मध्ये मिशनरी झीगेनबाल्ग उतरले तेव्हापासूनची त्यांची परंपरा. आपला विश्वासाचा जाहीरनामा आणि आपली उपासना त्यांनी सोडली नाही. तेव्हा आम्हा तरुणांना ते आडमुठे वाटायचे. आम्ही एकीच्या बाजूने हिरिरीने बोलायचो.

घरात मात्र रोज वाद. नव्या चर्चमध्ये बिशप असणार होते आणि बिशप ही कल्पनाच प्रेस्बिटेरियन घरांना परकी. आमच्याकडे पाळक आणि मंडळीने निवडलेले वडीलजन मिळून कारभार बघत. कुणी शिक्षक, कुणी रेल्वेतला कारकून, कुणी कंपाउंडर. बाप्तिस्मा बाळाला द्यायचा की कळत्या वयात, यावर एकत्रीकरणात दोन्ही रीती मान्य झाल्या. हे शहाणपणाचं होतं आणि मला आजही पटतं. बिशपबरोबर वडीलजनही राहतील, हाही त्याच तडजोडीचा भाग होता.

ती दहा वर्षं तसंच चाललं. वार्षिक सभेत खजिनदार उभा राहून अर्पणाचा पैन् पैचा हिशेब वाचायचा आणि मागच्या बाकावरच्या बायका त्याला अडवायच्या. कापणीच्या सणाला गुळाच्या ढेपा, भाताच्या पेंढ्या, कोंबड्या वेदीपुढे यायच्या आणि उपासनेनंतर अंगणात लिलाव व्हायचा. कीर्तनकार आले की कवी ना. वा. टिळकांची पदं टाळ-पेटीवर रंगायची. शेजारची हिंदू मंडळी पायरीवर बसून ऐकायची.

आता कीर्तन दुर्मीळ झालं. लिलाव उरकला जातो. बैठकीत भक्तीपेक्षा जागांच्या दाव्यांचे कागद जास्त. एकत्रीकरणाने हे घडवलं, असं मी म्हणणार नाही. वडीलजनांना गप्प बसवणाऱ्यांनी आणि गप्प बसलेल्या आपण सर्वांनी ते घडवलं. त्या लूथरपंथीयांना आम्ही आडमुठे म्हणालो, हा अन्याय होता. आपलं काय ते त्यांना नीट ठाऊक होतं.

पुस्तकं माळ्यावरून काढा. येत्या वार्षिक सभेत जागा सोडून उठा आणि हिशेब मोठ्याने वाचायला सांगा.