सही न करणारी अ‍ॅन

इंग्लंडच्या जुन्या दरबारातल्या स्त्रिया म्हटलं की डोळ्यांसमोर राण्याच येतात. आज बोलायचंय ते राणी नसलेल्या एका बाईविषयी. लेडी अ‍ॅन क्लिफर्ड तिचं नाव.

१५९० साली यॉर्कशायरमधल्या स्किप्टनच्या किल्ल्यात ती जन्मली. वडील जॉर्ज क्लिफर्ड हे कम्बरलंडचे अर्ल, एलिझाबेथ राणीच्या मर्जीतले दर्यावर्दी. दोन्ही भाऊ लहानपणीच गेले, उरली ही एकटी. तिला शिकवायला होता सॅम्युअल डॅनियल नावाचा कवी. कवीकडे शिकलेली मुलगी पुढे सहजासहजी कुणाचं ऐकत नाही, असं आपलं मला वाटतं!

१६०५ मध्ये वडील वारले. मृत्युपत्रात जहागीर काकांच्या नावे आणि मुलीला १५ हजार पौंड. रक्कम लहान नव्हती. पण दुसऱ्या एडवर्ड राजाच्या काळापासून दस्त होता की ही जमीन पोटच्या वारसाकडे जावी, मग तो मुलगा असो की मुलगी. आई मार्गारेट हिने जुनी दप्तरं धुंडाळली, कागद जमवले आणि लेकीच्या वतीने भांडण मांडलं.

इकडे अ‍ॅन दरबारात रमली होती. बेन जॉन्सनने लिहिलेल्या नृत्यनाट्यांत ती राणीसोबत नाचली. १६०९ मध्ये तिचं रिचर्ड सॅकव्हिलशी लग्न झालं. तो लवकरच डॉर्सेटचा अर्ल झाला. हा गृहस्थ उधळ्या आणि जुगारी. जमिनीपेक्षा रोकड बरी, तू सही कर, असा त्याचा धोशा. १६१६ च्या मे महिन्यात तर त्याने दोन वर्षांचीही न झालेली मुलगी तिच्यापासून हलवली. त्याच महिन्यात आईही गेली.

मग जानेवारी १६१७. राजा जेम्सने सगळ्यांना समोर बोलावलं. राणीने अ‍ॅनला आधीच सावध केलं होतं, की निवाडा सर्वस्वी राजावर सोपवू नकोस, फसशील. काका, नवरा, वकील, सगळ्यांनी मान डोलावली. अ‍ॅनने नाही म्हटलं. राजा भडकला. सर्वांसमक्ष बायकोची शोभा होईल या भीतीने नवऱ्यानेच तिला दालनाबाहेर काढवलं. हे सारं तिच्या रोजनिशीत आहे. तिने आदळआपट न करता नोंदलंय, म्हणूनच ते वाचताना जास्त लागतं.

निवाडा तिच्याविरुद्धच गेला. जमीन काकांना, १७ हजार पौंड नवऱ्याला. बाईने तरीही मान्यता दिली नाही. १६२४ मध्ये नवरा वारला. १६३० मध्ये दुसरं लग्न झालं, तेही फारसं सुखाचं नव्हतं. अखेर १६४३ मध्ये चुलतभाऊ मुलगा मागे न ठेवता वारला आणि जहागीर आपसूक तिच्याकडे आली. अडतीस वर्षं लागली! देशात यादवी चालू होती, म्हणून प्रत्यक्ष उत्तरेत जायला १६४९ उजाडलं. तोवर ती साठीला टेकली होती. मग तिने स्किप्टन, अ‍ॅपलबी, ब्रूम असे पडके किल्ले एकामागून एक दुरुस्त करून घेतले. मुक्काम एका किल्ल्यातून दुसऱ्यात हलायचा. १६७६ मध्ये, वयाच्या ८६ व्या वर्षी, ब्रूमलाच ती वारली. त्याच्या आदल्या दिवसापर्यंत रोजनिशी चालू होती.

ब्रूमजवळच्या रस्त्यावर तिने १६५६ मध्ये एक दगडी खांब उभारला. २ एप्रिल १६१६ रोजी आईचा अखेरचा निरोप तिने तिथेच घेतला होता. खांबाशेजारी दगडी चौथरा आहे. दरवर्षी त्याच तारखेला त्यावरून गरिबांना चार पौंड वाटावेत, अशी व्यवस्था तिने लावून दिली.