दुसऱ्यांदा न लिहिणारे यंत्र

मोठ्या बँकेत किंवा विमा कंपनीत हजार कर्मचाऱ्यांचे डेस्कटॉप आता अनेकदा टेबलाखालच्या डब्यात नसतात. सर्व्हरवर चालणारी ती आभासी यंत्रे असतात. प्रत्येकात तेच विंडोज, तेच ऑफिस, तोच अँटिव्हायरस. एकाला ४० जीबी धरली तरी हजारांना ४० टीबी जागा लागणार, आणि त्यातला खरोखर वेगळा असा मजकूर मूठभरच. हा तोच-तोपणा ओळखून तो एकदाच साठवणे म्हणजे डीडुप्लिकेशन. या धंद्यातली माणसे नुसते ‘डीड्यूप’ म्हणतात. जे उरते तेही आवळून ठेवणे म्हणजे कॉम्प्रेशन. प्युअर स्टोरेज या अमेरिकी कंपनीचा फ्लॅशअ‍ॅरे ही दोन्ही कामे माहिती आत येत असतानाच करतो. त्यातल्या ‘प्युरिटी’ या प्रणालीची रचना तिच्या अभियंत्यांनी २०१५ च्या सिगमॉड परिषदेतल्या शोधनिबंधात सविस्तर मांडली. मला ती गेल्या वीस वर्षांतल्या सर्वांत सुंदर अभियांत्रिकी कामांपैकी एक वाटते.

यातली मूळ कल्पना मात्र जुनी आहे. इस्रायलमधल्या हैफाच्या टेक्निऑन संस्थेतले जेकब झिव्ह आणि अब्राहम लेम्पेल यांनी १९७७ साली कॉम्प्रेशनची जी पद्धत मांडली, तिच्यावर आजचे झिप आणि एलझेड४ उभे आहेत. डीड्यूपचा पाया २००२ मध्ये बेल लॅब्जच्या शॉन क्विनलन आणि शॉन डॉरवर्ड यांच्या ‘व्हेंटी’ने घातला. प्रत्येक ब्लॉकचा एसएचए-१ या सूत्राने ठसा काढायचा आणि तो ठसा हाच ब्लॉकचा पत्ता मानायचा. पुढे डेटा डोमेन कंपनीने हेच तत्त्व बॅकअपसाठी यशस्वी करून दाखवले. २००९ मध्ये ती विकत घेण्यासाठी नेटअ‍ॅप आणि ईएमसी यांच्यात चढाओढ लागली आणि ईएमसीने सुमारे २.१ अब्ज डॉलर मोजले. पुण्यातही हे काम झाले. व्हेरिटास कंपनीच्या पुणे केंद्रात तयार झालेल्या अभियंत्यांनी २००८ साली तिथेच द्रुवा सुरू केली, तीही डीड्यूपच्या आधारावर बॅकअप घेणारी. प्युअरचे एक संस्थापक जॉन कोलग्रोव्ह हेदेखील मूळचे व्हेरिटासचेच.

पण हे बहुतांशी बॅकअपपुरते राहिले. रोजच्या कामाच्या डेटाबेससाठी डीड्यूप वापरायला फारसे कोणी धजावत नव्हते, आणि त्याचे कारण होती फिरती तबकडी. डीड्यूप केले की सलग असलेली फाइल तुकड्यातुकड्यांनी विखुरते: एक तुकडा इथल्या जुन्या प्रतीत, दुसरा तिथल्या. तबकडीच्या एका फेरीला आठेक मिलिसेकंद लागतात, शिवाय वाचणारे टोक सरकायला वेळ जातो तो वेगळा. त्यामुळे अशी डिस्क सेकंदाला शे-दोनशे विखुरलेली वाचने करून थकते. जागा वाचली, वेग गेला.

तोशिबातले फुजिओ मासुओका यांनी १९८७ मध्ये जगापुढे मांडलेल्या नँड फ्लॅशमध्ये फिरणारे काहीच नाही. कुठलाही तुकडा शंभरेक मायक्रोसेकंदांत हाती येतो, मग तो शेजारी असो वा दुसऱ्या टोकाला. विखुरण्याची शिक्षाच संपली. उलट फ्लॅशचे दुखणे लिहिण्यात आहे. लिहिलेल्या जागेवर थेट पुन्हा लिहिता येत नाही. आधी मोठा पट्टा एकदम पुसावा लागतो, आणि प्रत्येक पुसण्याने पेशी थोडी झिजते. न लिहिलेला प्रत्येक बाइट म्हणजे वाढलेले आयुष्य. ज्या तंत्राने डिस्कला धाप लागायची, त्याच तंत्राने फ्लॅश टिकाऊ झाला आणि परवडूही लागला.

प्युरिटीचे काम आता जवळून पाहू. सर्व्हरने पाठवलेली माहिती आधी वीज गेली तरी टिकणाऱ्या स्मृतीत उतरते आणि ‘मिळाली’ अशी पोच लगेच जाते. मग तिचे ५१२ बाइटांचे तुकडे धरून प्रत्येकाचा ठसा काढला जातो. सगळे ठसे जपून ठेवायचे तर ठशांचीच वखार होईल. म्हणून नोंद होते ती दर आठव्या तुकड्याच्या ठशाची, पण शोध घेतला जातो प्रत्येक तुकड्याच्या ठशाचा. एक जरी जुळला, तर यंत्र जुनी प्रत काढते, दोन्ही बाइट-न्-बाइट ताडून पाहते आणि तिथून पुढे-मागे सरकत साम्य कुठवर जाते ते तपासते. परिणामी आठ तुकड्यांएवढे, म्हणजे ४ केबीचे साम्य सहसा सापडते, मग ते कोणत्याही ५१२ बाइटांच्या सीमेवर सुरू झालेले असो. घाईत जे निसटते, ते मागाहून साफसफाई करणारी प्रक्रिया गाठते.

मला सर्वांत भावते ते हे ताडून पाहणे. याच काळात इस्रायलमधून आलेल्या एक्स्ट्रीमआयओ या दुसऱ्या फ्लॅश साठवण यंत्राने ठशावरच विश्वास ठेवला होता: एसएचए-१ जुळला, म्हणजे ब्लॉक तोच. गणिताने पाहिले तर अपघाताने चूक होण्याची शक्यता जवळजवळ शून्य. पण २०१७ च्या फेब्रुवारीत अ‍ॅम्स्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेने आणि गूगलने दोन वेगवेगळ्या पीडीएफ फाइलींचा एकच एसएचए-१ ठसा मुद्दाम घडवून दाखवला. वाचन स्वस्त असताना अंदाजावर का राहायचे? प्युरिटीने फ्लॅशचा वेग शहानिशेसाठी खर्च केला, आणि ठसा लहान ठेवायची मुभा त्यातूनच मिळाली, कारण चुकीचा जुळला तर ताळा घेताना कळतेच.

उरलेला मजकूर मग कॉम्प्रेस होतो. झिव्ह-लेम्पेलची युक्ती अशी की पुन्हा आलेली अक्षरमाळ लिहायची नाही, ‘इतके मागे जा, इतके उचल’ एवढेच लिहायचे. मराठी मजकुराला याचा फायदा ठळक. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘महाराष्ट्र’ या शब्दात काना आणि हलन्त धरून दहा चिन्हे, म्हणजे ३० बाइट. पण त्या दहाही त्रयींचे पहिले बाइट एकच, आणि दुसऱ्या बाइटला देवनागरीत दोनच पर्याय. गाव, तालुका, जिल्हा हेच शब्द ज्या दप्तरात पानोपानी येतात, तिथे हा फुगवटा झपाट्याने ओसरतो.

आवळलेले तुकडे कमी-जास्त लांबीचे होतात, ते जुन्या खाचेत बसत नाहीत. म्हणून प्युरिटी जुन्या जागी काही लिहीतच नाही. सगळे मोठ्या सलग खंडांत पुढे-पुढे लिहिते, जे फ्लॅशलाही मानवते. प्रत्येक खंड नऊ ड्राइव्हवर पसरतो, सात भाग माहिती आणि दोन भाग रीड-सॉलोमन पॅरिटी, म्हणजे कोणतेही दोन ड्राइव्ह बिघडले तरी माहिती पुन्हा उभी करता येईल अशी जोड. हजार डेस्कटॉप एकाच प्रतीवर टेकलेले असताना ही काळजी अटळ आहे.

त्या शोधनिबंधात ग्राहकांकडची सरासरी बचत ५.४ पट दिली आहे. सरासरीवर मात्र विसंबू नये. आभासी डेस्कटॉप याहून कितीतरी जास्त आवळतात. व्हिडिओ आणि जेपेग आधीच आवळलेले असल्याने जवळजवळ जसेच्या तसे राहतात. विक्रेत्याने दिलेल्या आकड्यात थिन प्रोव्हिजनिंगची, म्हणजे नुसत्या कबूल केलेल्या पण न भरलेल्या जागेची, भर घातली आहे का, हे खरेदी करणाऱ्याने आधी विचारावे. दुसरा प्रश्न एन्क्रिप्शनचा. फ्लॅशअ‍ॅरे आधी आवळतो आणि मग कुलूपबंद करतो. कुलूप डेटाबेसनेच लावून पाठवले, तर समोर येते ते निव्वळ यादृच्छिक दिसणारे बाइट. ना साम्य सापडते, ना काही आवळते, आणि पाचपट बचतीच्या भरवशावर घेतलेली पेटी ठरल्या वेळेच्या कितीतरी आधी भरते. तेव्हा शंभर डेस्कटॉप पुसूनही फारशी जागा सुटत नाही, कारण त्यांचा सामाईक भाग उरलेले नऊशे अजून वापरत असतात.