फोनची वायर कोणाला किती वेगाची?

आपण फोनला वायर लावतो ती चार्जिंगसाठी. पण त्याच वायरीतून फोनमधले फोटो आणि व्हिडिओ कॉम्प्युटरमध्येही नेता येतात.

सिन्नरच्या बाजारात वायर घ्यायला गेलो, तर एक स्वस्त असते, एक महाग. दुकानदार म्हणतो, "ही घ्या, फास्ट आहे." अहो, पण फास्ट म्हणजे काय? बॅटरी लवकर भरणे हे एक काम. फोटो लवकर नेणे हे दुसरे. बॅटरी झटपट भरणारी वायर फोटो सावकाश नेत असेल. काही स्वस्त वायरींतून तर फोटो मुळीच जात नाहीत.

वेग कशावर ठरतो? आपल्या देवनदीचा पाट डोळ्यांपुढे आणा. पाट एका जागी अरुंद असला, की पुढे तेवढेच पाणी येते. मागे तो कितीही रुंद असो! इथेही तसेच आहे. फोन, वायर आणि कॉम्प्युटर, या तिघांत जो हळू, त्याचाच वेग सगळ्यांना.

हे वेग ठरलेले आहेत. २००० साली यूएसबी २ आले. त्याचा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट. २००८ साली यूएसबी ३ आले. त्याचा वेग ५००० मेगाबिट, म्हणजे दहापटीहून जास्त. आता बहुतेक नव्या फोनला टाइप-सी भोक असते. भोक सारखे दिसते, पण वेग सारखा नसतो. २०२३ साली आयफोन १५ प्रो आला. तो फोन सेकंदाला १०,००० मेगाबिट नेऊ शकतो. पण त्याच्या डब्यातली वायर होती ४८० चीच! म्हणजे फोन महाग, तरी पाट अरुंद.

मग जास्त वेग कोणाला हवा? लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्याला हवा. मोठ्या, स्पष्ट व्हिडिओचा एक तास सुमारे २० गिगाबाइट भरतो. यूएसबी २ ने तो न्यायला दहा मिनिटे लागू शकतात. असे दहा तास असले, तर त्याचे दीड तासाहून जास्त तिथेच जातात. त्याने जास्त पैसे मोजावेत.

पण कांद्याच्या पातीवरचा रोग दाखवायला आपण एक फोटो पाठवतो. तो जातो इंटरनेटवरून. तिथे या वायरीचा काय संबंध? त्यासाठी महाग फोन कशापायी घ्यायचा?

मात्र एक काम सगळ्यांनीच करावे. फोन हरवतो, विहिरीत पडतो. मुलाबाळांचे फोटो आणि सातबाऱ्याचा फोटो यांची एक नक्कल आपल्या घरच्या किंवा विश्वासातल्या माणसाच्या कॉम्प्युटरमध्ये ठेवावी. त्याला साधी वायर पुरते. फक्त घेताना दुकानदाराला विचारा, "हिच्यातून फोटो जातात ना?" तिथेच फोन जोडून बघा, आणि मगच पैसे द्या.