गुडघ्यातल्या कात्र्या

परभणी जिल्ह्यात कुणालाही गुडघ्याचं विचारा, उत्तर ठरलेलं असतं. “वंगण संपलं”, नाहीतर “गादी झिजली.” बैलगाडीचा कणा आणि घरातलं जातं पाहत मोठ्या झालेल्या माणसांना हीच उपमा सुचणार. त्यातून गंगाखेड हे जनाबाईचं गाव, तिचं नाव जात्याशी कायमचं जोडलेलं. जातं गुळगुळीत झालं की पाथरवट टाकी लावून देई आणि दळण पुन्हा सुरू होई.

गुडघा मात्र जातं नव्हे. त्यातल्या गादीला निर्जीव समजण्याची चूक आपणच केली असं नाही, शास्त्रज्ञांनीही केली होती.

अमेरिकेतले डॉ. लुईस थॉमस वेगळ्याच कामासाठी सशांच्या शिरेत पपेन टोचत होते. पपेन म्हणजे कच्च्या पपईच्या चिकातलं विकर. मटण लवकर शिजावं म्हणून आपण पपईची फोड टाकतो, ती याच्याच भरवशावर. काही तासांतच सशांचे ताठ कान कोबीच्या पानासारखे लोंबू लागले आणि तीन-चार दिवसांत पुन्हा उभे राहिले. थॉमस यांना गंमत वाटली, पण उलगडा होईना. कान ताठ ठेवते ती कूर्चा, आणि गुडघ्यातली गादीही कूर्चेचीच. ही कूर्चा त्यांना निर्जीव, कंटाळवाणी वस्तू वाटत होती, त्यामुळे तिच्याकडे त्यांनी नीट पाहिलंच नाही. काही वर्षांनी लोंबत्या आणि ताठ कानांचे काप शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा कूर्चेतला मसाला धुऊन गेलेला दिसला. १९५६ साली हे छापून आलं.

हा मसाला म्हणजे अ‍ॅग्रिकन. आकार बाटली धुवायच्या ब्रशसारखा, स्वभाव पाणी धरून ठेवण्याचा. कूर्चेत सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. पाऊल पडलं की ती दबते, उचललं की फुगते. हे ब्रश जागच्या जागी ठेवायला कोलॅजेनचे दोर असतात, तीन पदरांचे पीळदार. या जाळ्यात विरळ विखुरलेल्या पेशी राहतात. त्यांना ना रक्तवाहिनी, ना चेतातंतू. त्यामुळे घर पडू लागलं तरी बराच काळ दुखत नाही.

आणि घर पाडतात बहुधा याच पेशी. मार लागला, वजनाचा ताण वाढला, सूज आली, की त्या कात्र्या, म्हणजे कापणारी विकरं, सोडू लागतात. आमवातात सांध्याचं सुजलेलं अस्तरही त्यांना सामील होतं. कात्र्या मुख्यतः दोन घराण्यांच्या, आणि दोन्हींच्या पोटात जस्ताचा अणू असतो. पहिली एडॅम्टस-५, अ‍ॅग्रिकनचा ब्रश ठरावीक जागी छाटणारी. २००५ साली दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं की ही कात्री नसलेल्या उंदरांचा सांधा मुद्दाम बिघडवला तरी कूर्चा बरीचशी टिकते. दुसरी एमएमपी-१३. ती कोलॅजेनचा पीळ एकाच ठिकाणी तोडते, मग शरीराच्या उबेनंच तो सुटतो आणि दोराचं जिलेटिन होतं. पायाचा रस्सा थंड झाल्यावर थिजतो, तेच जिलेटिन.

तरी या कात्र्यांना खलनायक म्हणवत नाही. १९६२ साली ग्रॉस आणि लापिएर यांना असलं कोलॅजेन तोडणारं विकर पहिल्यांदा सापडलं ते बेडकाच्या पिल्लाच्या शेपटीत. पावसाळ्यात डबक्यातल्या पिल्लाची शेपटी विरते आणि बेडूक होतो, तो या कात्र्यांच्या जोरावर. आपल्या जखमा भरतानाही त्या लागतात.

मग त्यांना लगाम घालावा, हा विचार सुचणारच. कर्करोगासाठी बनवलेलं मारिमास्टॅट हे औषध एमएमपी घराण्यातल्या कात्र्यांना सरसकट अडवत असे, पण रुग्णांचे खांदे आणि हातच आखडू लागले. पुढे नेमकी एडॅम्टस-५ अडवणारी गोळी आली. सुरुवातीच्या चाचण्यांत रक्तातले अ‍ॅग्रिकनचे तुकडे निम्म्याच्या आसपास घटले. नऊशेवर रुग्णांना वर्षभर देऊन पाहिली, तर कूर्चेच्या झिजेत फरक नाही. आपल्याकडे हळदीवर भिस्त, आणि वसमतची हळद नावाजलेली. १९९९पर्यंत वसमत परभणी जिल्ह्यातच होतं. काचेच्या बशीतल्या पेशींवर हळदीतलं कर्क्युमिन या कात्र्यांचं उत्पादन घटवतं, हे खरं. पण आतड्यातून ते रक्तात फारच थोडं उतरतं. हळदीचं दूध चवीला चांगलं, एवढं मी म्हणेन.

सशाचे कान उभे राहिले, कारण पपेननं ब्रश उपटले होते, दोर शाबूत होते. जिवंत पेशींनी नवे ब्रश विणले. माणसाच्या कूर्चेतलं कोलॅजेन मात्र इतकं सावकाश बदलतं की निम्मं नवं व्हायला शंभर वर्षांहून अधिक लागतील. तरुणपणी जमलेल्या दोरावरच जन्म काढायचा.

म्हणून डॉक्टर वजन उतरवायला सांगतात. किलोभर वजन घटलं तर दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, हे मोजलेलं आहे. मांडीचे स्नायू बळकट करा म्हणतात, उकिडवं बसू नका म्हणतात. समोर बसलेली शेतकरी बाई मान डोलावते, चिठ्ठी पदराला बांधते. सकाळी शेतात खुरपणी असते, आणि ती उकिडवं बसूनच होते.